दहावी-बारावीनंतर कॉलेज सगळ्यांसाठीच आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की माझा फोन दिवसभर वाजत असतो. मी सहा वर्षं कारखान्यात काम केलं, मग २४ वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. आता दर रविवारी सकाळी गावच्या वाचनालयात बसतो आणि येतील त्या मुलांशी, पालकांशी बोलतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. नियम महाराष्ट्रातले आहेत. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कारण अटी बदलत राहतात.

१. सर, स्पष्ट सांगा, कॉलेज करायलाच पाहिजे का?

प्रत्येकाने लगेच करायलाच पाहिजे असं नाही. पण कोणाच्याही पोराला "तुला कॉलेजची गरज नाही" असं सांगण्याआधी मी दहा वेळा विचार करतो. मी दोन गोष्टी बघतो. मुलाला जे काम करायचं आहे त्याला पदवी लागते का (प्रश्न २), आणि आज निवडलेल्या वाटेवरून उद्या पदवीकडे वळता येईल का (प्रश्न ५ आणि ११). दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. सोळाव्या वर्षी मुलाला स्वतःची पुरती ओळख झालेली नसते. त्या वयात निवडलेली वाट कायमची असू नये.

२. कोणत्या कामांना पदवीशिवाय चालतच नाही?

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांना कायद्यानेच पदवी लागते. वकिलीसाठी बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. राज्यसेवा, पीएसआय, तलाठी, बँकेतला क्लार्क, यूपीएससीची नागरी सेवा या सगळ्यांना पदवी हवी. शाखा कोणतीही चालते.

लोकांना माहीत नसतं ते याच्या उलट बाजूचं. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते. अग्निवीर आणि ग्रामीण डाकसेवक दहावीवर होता येतं. औषधाचं दुकान चालवायला दोन वर्षांचं डी. फार्म. पुरतं. पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बारावीनंतर डी.एल.एड. ही शिक्षक पदविका आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सीएचा फाउंडेशन कोर्स बारावीनंतर सुरू होतो आणि सीए व्हायला बी.कॉम.ची सक्ती नाही. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं आयटीआय प्रमाणपत्र मागतात, आणि रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटसाठी दहावीनंतर ठरावीक ट्रेडमधलं आयटीआय चालतं. त्यामुळे आधी जाहिरात वाचा. मागच्या वर्षीच्या भरतीची जाहिरात काढून तिथला "शैक्षणिक अर्हता" हा रकाना मुलाला स्वतःला वाचायला लावा.

३. दहावी झाली. अकरावी, डिप्लोमा आणि आयटीआय यात नेमका फरक काय?

अकरावी-बारावीत हातात कौशल्य येत नाही, पण सगळी दारं उघडी राहतात. डिप्लोमा म्हणजे पॉलिटेक्निकची तीन वर्षं. दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, आणि ते पूर्ण करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय एक किंवा दोन वर्षांचं: वेल्डर एक वर्ष, फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षं. सरकारी आयटीआयची फी या तिन्हींत सर्वसामान्य घराला सगळ्यात झेपणारी.

गणिताची भीती आहे म्हणून डिप्लोमा घेणाऱ्यांना मी थांबवतो. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गणित असतंच, आणि अकरावीपेक्षा वेगाने शिकवतात.

४. आयटीआय करून खरंच काम मिळतं? की नुसतं मनाचं समाधान?

हे मी आतून पाहिलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या आठवड्यात आम्ही फिटरच्या मुलाच्या हातात कानस देतो. लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि एक बाजू सपाट घासायची, एवढंच काम. घासून झालं की त्यावर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) ठेवून उजेडाकडे धरायचं. मधून उजेडाची रेघ दिसली की परत व्हाइसला लावायचं. सुरुवातीला सगळ्यांच्याच कडा झिजतात आणि मध्ये फुगवटा राहतो, कारण कानस पुढे ढकलताना हात खाली-वर होतो. चार-पाच दिवस तळहाताला फोड येतात. काही मुलं तिथेच कंटाळतात. काहींचा मात्र हात बसतो, आणि बारावी सायन्सला दोनदा नापास झालेला पोरगा रेघ बंद झालेला जॉब, म्हणजे तो घासलेला तुकडा, आणून टेबलावर ठेवतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. शाळेत बारा वर्षं "ढ" म्हणून घेतलेल्या मुलाला पहिल्यांदाच आपल्याला काहीतरी येतंय हे कळलेलं असतं.

काम मिळतं. पण नुसत्या आयटीआयवर थांबू नका, पुढची शिकाऊ उमेदवारी सोडू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. त्या काळात मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे, म्हणून पालक नाराज होतात. तरीही ते वर्ष पूर्ण करून घ्या. नोकरी देणारा सगळ्यात आधी ते प्रमाणपत्र विचारतो.

आता दुसरी बाजू. कारखान्यात मी सहा वर्षं मशिनवर होतो. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा माझ्याच हाताखाली काम शिकलेल्या डिप्लोमाच्या मुलाला ती मिळाली. काम मला जास्त येत होतं, पण अर्हतेच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. आयटीआयवर नोकरी लवकर लागते आणि बढती लवकर अडते. पालकांना मी ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगतो.

संस्था निवडताना एक करा. चालू दिवशी, दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला वर्कशॉपमध्ये जा. किती मशिन चालू आहेत ते मोजा. फरशीवर कीस पडलेला दिसला तर तिथे काम चालतं.

५. एकदा आयटीआयला गेलं की पुढे शिकायचा रस्ता बंद होतो ना?

नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमातून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दुसरी वाट अशी की बोर्डाची भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता घ्यायची. ही समकक्षता काढून ठेवा असं मी प्रत्येक बॅचला सांगत आलो. "नंतर बघू" म्हणणारी मुलं पुढे नोकरीत अडकतात, आणि मग पाच वर्षांनी एखादी भरती बारावीवर अडली की फोन करतात.

६. बी.ए., बी.कॉम. करून काही उपयोग होतो का? की तीन वर्षं वाया?

ते तीन वर्षांत मुलगा काय करतो यावर आहे. तालुक्याच्या कितीतरी कॉलेजांत जूनमध्ये प्रवेश होतात, आयकार्ड निघतं, आणि मग मुलं परीक्षेलाच येतात. मधल्या दिवसांत ना शिक्षण, ना काम. मला खटकतं ते हे. इतिहास किंवा मराठी या विषयांत खोट नाही. मन लावून बी.ए. केलेल्या मुलाला वाचता येतं, मुद्दा मांडता येतो, अर्ज लिहिता येतो, आणि हे ऑफिसच्या प्रत्येक कामाला लागतं.

म्हणून बी.ए., बी.कॉम.ला जाणाऱ्याला मी एक जोड द्यायला सांगतो. बी.कॉम.बरोबर टॅली आणि जीएसटीचं काम, तेही एखाद्या कर सल्लागाराकडे दुपारी बसून. बी.ए.बरोबर टंकलेखन, नाहीतर एखादी परकी भाषा. सरकारी संगणक टंकलेखनाचं प्रमाणपत्र काढलं तर लिपिकाच्या भरतीत थेट उपयोगी पडतं. कॉलेज सकाळचं असेल तर दुपार मोकळी असते, आणि ती दुपारच खरी भांडवल आहे.

रोज जाणं जमणारच नसेल, घरच्या कामात हात द्यावा लागत असेल, तर रेग्युलर कॉलेजला नाव घालून गैरहजर राहण्यापेक्षा मुक्त विद्यापीठ सरळ आहे (प्रश्न ११).

७. इंजिनिअरिंगला मोठं कर्ज काढून जाऊ का?

आधी कागदावर हिशोब मांडा. समजा वर्षाला दीड लाखाप्रमाणे चार वर्षांत सहा लाखांचं कर्ज घेतलं, व्याज दहा टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चालूच असतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार वर्षांचं असं धरलं तर दोन लाख दहा हजार व्याज साठतं. हप्ते सुरू होतात तेव्हा देणं आठ लाख दहा हजारांचं झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला सुमारे १०,७०० रुपये.

आता त्या कॉलेजातल्या दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या पाच मुलांना गाठा आणि पहिला पगार विचारा. कॉलेजच्या माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा धरू नका, या पाचांतला मधला धरा. पुण्यात खोली, जेवण आणि हप्ता त्यातून निघत असेल तर जा. निघत नसेल तर डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला येण्याचा रस्ता एका वर्षाची पदवीची फी वाचवतो.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण मागत नाहीत. म्हणून सातबाऱ्यावर बोजा चढवायची घाई करू नका, आधी राष्ट्रीयीकृत बँकेत लेखी अर्ज द्या. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर वेळेत भरा. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं मे महिन्यातच काढून ठेवा, कारण जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात.

८. मुलीचं लग्नच करायचंय. तिच्या कॉलेजवर खर्च कशाला?

हा प्रश्न मला दर रविवारी येतो, आणि बहुतेक वेळा मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते.

वर मी "कॉलेज सगळ्यांना लगेच हवंच असं नाही" म्हटलं, ते मुलींना घरी बसवायला वापरू नका. मुलगा कॉलेजला गेला नाही तर कारखान्यात, गॅरेजमध्ये, मुंबईला मामाकडे कुठेतरी जातो. मुलगी कॉलेजला गेली नाही तर बहुतेक घरांत तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होते. तिच्याबाबतीत कॉलेज म्हणजे घराबाहेर पडण्याची, बँकेत एकटीने जाण्याची, एसटीने तालुक्याला जाऊन परत येण्याची तीन वर्षं असतात. उद्या नवऱ्याला काही झालं, संसार मोडला, तर त्या वेळी ती पदवी आणि ती सवय दोन्ही लागतात. माहेरी परत आलेल्या किती मुलींनी मला विचारलंय, "सर, आता बारावीवर काय मिळेल?"

पैशाचं म्हणाल तर २०२४-२५ पासून राज्य सरकार व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरतं. दोन अटी लोक विसरतात. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला हा लाभ नाही. आणि वसतिगृह, मेस यांचा खर्च यात येत नाही. साध्या बी.ए., बी.कॉम.ला ही योजना लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत, त्या महाडीबीटीवरच दिसतील.

आयटीआयमध्येही मुलींना पाठवा. इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला माझ्या वेळी दोन मुली होत्या, आणि वायरिंगच्या बोर्डावरचं त्यांचं काम वर्गात सगळ्यात स्वच्छ असायचं.

९. मोठमोठे लोक कॉलेज न करता मोठे झालेच की?

झाले. पण कर्मवीर भाऊराव पाटलांकडे बघा. ते स्वतः पदवीधर नव्हते. त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहं उभी केली, "कमवा आणि शिका"वर १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. पदवीशिवाय मोठा झालेला हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना पदवीपर्यंत नेण्यासाठी राबला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. ज्यांच्या घरात अक्षर शिरलंच नव्हतं त्यांच्यासाठी कॉलेज म्हणजे काय, हे या दोघांना नेमकं कळलं होतं.

"डिग्रीत काय ठेवलंय" असं म्हणणाऱ्याची मुलं कुठे शिकतात ते एकदा विचारा. बहुतेक वेळा ती कॉलेजात असतात. ज्याच्या घरी दुकान आहे, जमीन आहे, ओळखी आहेत, त्याला पदवी नसली तरी चालतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याच्यासाठी पदवीचा कागद हीच ओळख असते. तुमच्या घरातला तो पहिलाच शिकणारा असेल आणि त्याला शिकायची ओढ असेल, तर माझं उत्तर स्वच्छ आहे: पाठवा. रयतच्या कॉलेजांत "कमवा आणि शिका" आजही आहे, प्रवेश घेतानाच त्याची चौकशी करा.

१०. पदवी झाली, चार वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. अजून किती थांबावं?

राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ आहे, म्हणून अजून वेळ आहे असं वाटत राहतं. त्या वेळानेच माणूस अडकतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत टेबलाला वर्ष लिहून ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या कष्टात कसूर नसते. जागा कमी आणि बसणारे फार, हे त्यांच्या हातात नाही.

माझं म्हणणं, तयारी सुरू करायच्या आधीच घरी बसून तारीख ठरवा. पदवीनंतर तीन प्रयत्न, आणि तिसऱ्या प्रयत्नाच्या आधी दुसऱ्या कामाची सुरुवात. पूर्वपरीक्षाच निघत नसेल तर दोनातच थांबा. मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलेल्याला मी एक प्रयत्न जास्त द्यायला सांगतो. गावाहून पैसे पाठवणाऱ्या वडिलांना हा हिशोब आकड्यांत दाखवा, ते समजून घेतात.

११. मुक्त विद्यापीठाची पदवी भरतीत चालते का?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, राज्य कायद्याने स्थापन झालेलं. त्याची पदवी एमपीएससीसाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी चालते. इग्नूचीही चालते. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग यासारख्या पदव्या मात्र दूरस्थ पद्धतीने मिळत नाहीत. तसं सांगून कोणी पैसे मागत असेल तर लांब राहा. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) बोगस विद्यापीठांची यादी दरवर्षी प्रसिद्ध करते, प्रवेशाआधी ती बघा.

२०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. एक रेग्युलर आणि एक मुक्त असं जमतं.

१२. दहावी (किंवा बारावी) नापास झाला. आता?

आधी जून-जुलैची पुरवणी परीक्षा. दहावीला एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. शाळा सुटून वर्षं झाली असतील तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. दहावी नापासांसाठी आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन यासारखे काही ट्रेड आहेत. निकालाच्या दिवशी मुलाला एकटं सोडू नका, आणि पाहुण्यांसमोर विषय काढू नका.

१३. पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडलं तर ते वर्ष वाया जातं का?

नव्या शैक्षणिक धोरणात पूर्ण वाया जात नाही. आवश्यक श्रेयांक (क्रेडिट्स) पूर्ण केले तर एका वर्षावर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका, तीन वर्षांवर पदवी, चार वर्षांवर ऑनर्स. मिळालेले श्रेयांक अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. मात्र भरतीच्या जाहिरातींत अजून "एक वर्षाचं प्रमाणपत्र" मागितलेलं मला दिसलेलं नाही, म्हणून त्यावर विसंबून सोडू नका. सोडायचंच असेल तर मूळ दाखला आणि गुणपत्रकं हातात घेऊनच बाहेर पडा.

१४. आमची शेती आहे. मुलगा शेतीच करणार, त्याला पदवी कशाला?

सहा-सात एकर पाण्याखालची असेल आणि मुलाचं मन शेतात असेल तर बळजबरीने बी.ए.ला घालू नका. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. त्यांच्या कृषी पदविकेचा आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या छोट्या प्रशिक्षणांचा विचार करा. एक गोष्ट मात्र उशिरा कळते: उद्या कृषी सेवा केंद्र टाकायचं म्हटलं तर खत-औषधांच्या परवान्याला कृषीची पदवी-पदविका, किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाची पदवी, किंवा ठरवून दिलेला अभ्यासक्रम लागतो.

जमीन दीड-दोन एकर आणि भाऊ तीन, तर "शेतीच करणार" हे उत्तर पुरत नाही. मग प्रश्न ४ किंवा ६ वाचा.

१५. पुढे परदेशी जायचं असेल तर?

तिथे कागद जास्त बोलतो. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीची अर्हता लागते. जर्मनीत कुशल कारागिरांना वाव आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाबाबत करारही केला, पण तिकडे जायचं तर आधी जर्मन भाषा शिका. एजंटला पैसे देण्याआधी भाषेच्या वर्गाला पैसे भरा.

१६. माझं वय ४० आहे, बारावीनंतर शिक्षण सुटलं. आता पदवी घेऊन काय?

मी ४१ व्या वर्षी मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालो. माझ्या पुढच्या बाकावर माझाच जुना विद्यार्थी होता, त्याने वळून आधी नमस्कार केला आणि मग पेन मागितलं. पदवीने माझ्या नोकरीत काय बदललं असेल ते असेल; घरी मुलीच्या अभ्यासाला बसताना मी माझंही पुस्तक उघडू लागलो, आणि टीव्ही बंद राहू लागला.

वयाची अट नाही. बारावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेत अर्ज द्या, दुय्यम प्रत मिळते. गुणपत्रकाची दुय्यम प्रत तुमच्या विभागीय मंडळाकडे.